नवा सायलेन्सर

६ ऑक्टोबर, रविवार

गाडी घरी आली. लवळ्याच्या कॉलेजातला एक मुलगा शिक्षण संपवून नागपूरला परत चालला होता, त्याच्याकडून घेतली. लाल-काळी स्पोर्ट बाइक. टाकीवर डावीकडं ओरखडा, क्लच जरा जड, मागचं टायर मधोमध घासून सपाट झालेलं. "सर, हॉस्टेल ते कॅन्टीन एवढीच चालवलीय," मुलगा म्हणाला. टायर बघून तसं वाटत नव्हतं, पण मी मान डोलावली. घासाघीस करायची लाज वाटली. कॉलेजात असल्यापासून हवी होती ही गाडी. तेव्हा वडिलांनी, आण्णांनी, नाही म्हटलं आणि मी ऐकलं. मी नेहमीच ऐकतो.

आण्णांनी अंगणात गाडीभोवती एक फेरी मारली. "हिच्यावर खताचं पोतं तरी बसंल का?" एवढं विचारून आत गेले. बायको, सृष्टी, म्हणाली, "तुझ्या वयाला शोभते का, हे मला विचारू नकोस. मी खरं सांगेन."

आपल्या पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर अभय तेवढा खूश झाला. न सांगता स्वतःच्या फडक्यानं टाकी पुसली. "भारी हाय दादा." शाळेत तो माझ्या पुढं होता, तरी मला दादा म्हणतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसात काम सोडून गाडीचे पार्ट बघत बसलो. ठरलं ते असं. आधी दोन्ही टायर. मग ब्रेक पॅड, कारण पुढचा ब्रेक दाबला की कुरकुरतो आणि गाडी थांबायला वेळ लागतो. मग चेन. सायलेन्सर सगळ्यात शेवटी, आणि तोही वाटलं तर. या क्रमाचं माझं मलाच कौतुक वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसऱ्याला टँकर, जेसीबी, कार आणि माझी गाडी एका ओळीत उभी करून पूजा केली. हँडलला झेंडूची माळ घालून आज ऑफिसच्या ग्रुपबरोबर ताम्हिणीला गेलो. जायला नको होतं.

चहाला थांबलो तेव्हा एकानं माझ्या चालू गाडीला कान लावला. "भाई, चालू है क्या? सिलाई मशीन है क्या?" सगळे हसले, मीही हसलो. माळेचा फोटोही कुणीतरी काढला. परतीच्या रस्त्यावर सगळ्यांच्या मागून आलो, म्हणजे माझ्या गाडीचा आवाज कुणाच्या कानावर पडणार नाही.

भूगावला ग्रुप सोडला आणि तडक इंद्रजितच्या दुकानात शिरलो. हेल्मेट आणि गाड्यांची सजावट असलं त्याचं दुकान आहे. टायर बघायचेत म्हणालो. त्यानं टायर दाखवले, पण बोलला सायलेन्सरबद्दलच. "टायर कुणाला दिसतात, सर? आवाज म्हणजे गाडीची ओळख." आत आवाज दाबणारी जाळी असते, ती ठेवू का म्हणून मी विचारलं. "ठेवायची तर कंपनीचाच ठेवा की," तो म्हणाला. मी जाळी काढायला सांगितली.

टायर पुढच्या महिन्यात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आता गाडी बोलते. वेगात असताना गॅस सोडला की मागून फटाक्यांची लड उडावी तसे बार निघतात. लवळ्याच्या चढाला रिक्षाची वाट बघणारी पोरं वळून बघतात. एकानं मोबाइल काढून शूटिंग केलं.

घरी मात्र वेगळं आहे. "तुझ्या फटफटीनं म्हशीनं पान्हा चोरला," आण्णा म्हणाले. मी निघालो की सृष्टी खिडकी लावून घेते. थोडी लाज वाटते. फाट्यापर्यंत गेलं की वाटेनाशी होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी हिंजवडीकडं चक्कर मारली. ओढ्याच्या पुलाअलीकडं वळण आहे तिथं गाडी छान झुकते. वळणात शिरताना गॅस सोडला की आवाज पुलाखालून परत येतो. आज तिथं अभयची आई, सगुणाबाई, गवताचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्यालगतच्या पाण्याच्या चारीच्या कडेनं चालली होती. मी पुरेसं अंतर ठेवून बाजूनं गेलो. मागं काय झालं ते कळायला आरशांचा उपयोग नाही, नुसते थरथरतात. आरसे बदलायला पाहिजेत. हँडलच्या टोकाला लावायचे गोल आरसे मिळतात, ते जास्त स्थिर असतात असं वाचलं. काचेला निळी झाक असलेले घ्यावेत की साधे, ते ठरलं नाही.

येताना सूस, भूगाव, पिरंगुट असा वळसा घालून आलो. गाडी मोकळी करायची होती.

२० ऑक्टोबर, रविवार

अभय कामावर आला नाही. आण्णांनी सांगितलं, त्याची आई काल पडली, खुब्याचं हाड मोडलंय, पुण्याला नेलीय, ऑपरेशन करावं लागणार. "पाय घसरला म्हनत्यात."

त्या चारीच्या कडेला शेवाळ असतंच. पाऊस जाऊन फार दिवस झालेले नाहीत.

आरसे मागवले. साधे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आण्णांबरोबर हॉस्पिटलात गेलो. सगुणाबाई एवढीशी झाली आहे. आण्णांनी विचारलं, "कसं काय पडलीस गं?" ती म्हणाली, "पाय घसरला, आण्णा. वय झालं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. फार मोठ्या मनाची बाई आहे.

अभय आम्ही असेपर्यंत दाराशी उभाच होता. आण्णा त्याला म्हणाले, "लागंल तेवढी सुट्टी घे. पन टँकर उभा हाय, तेवढं बघ." तो म्हणाला, "उद्या येतो."

अभयची आत्या रंभाबाई बाहेर बाकावर बसून येईल त्याला सांगत होती, "सून फ्यानखाली बसायला, आन् सासू भारा आनायला." सून म्हणजे प्रियदर्शिनी. दसऱ्याच्या आधीच तिला लवळ्याच्या कॅम्पसमधल्या प्रयोगशाळेत काम लागलंय. ती शेजारीच उभी होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिसलं होतं. आरसा थरथरत होता तरी दिसलं होतं. बार निघाला, ती दचकली, भारा एका बाजूला गेला आणि भाऱ्याबरोबर ती चारीत गेली. गवत रस्त्यावर सांडलेलं दिसलं. मग पूल आला.

वाटलं होतं, उठेल.

२७ ऑक्टोबर, रविवार

इंद्रजितकडं जाऊन कंपनीचा सायलेन्सर परत बसवून घेतला. तो हसला. "पोलिसांनी धरलं वाटतं." मी हो म्हणालो. नवे टायर घातले, चेनही बदलली. ब्रेकला चांगले पॅड टाकले, रबरी पाइप काढून स्टीलच्या विणीचे घातले. आता एका बोटानं दाबलं तरी गाडी जागेवर थांबते. रिकाम्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा थांबवून बघितली.

घरी आलो तर आण्णांनी आवाज ऐकला, म्हणजे ऐकलाच नाही. "शानपन आलं म्हनायचं," असं जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले. मी ती शाबासकी घेतली.

मी सृष्टीला सांगितलं, गाडी आता एकदम सुरक्षित झाली. ती म्हणाली, "कुणासाठी?"

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

सगुणाबाई घरी आली आहे. मी अभयबरोबर फराळाचा डबा आणि चालायला लागतो तो वॉकर पाठवला. "उगं कशाला दादा," म्हणत त्यानं घेतला. डबा आणि वॉकर टँकरच्या केबिनमध्ये ठेवून पुढच्या खेपेला गेला.

संध्याकाळी सृष्टी त्यांच्याकडं जाऊन आली. आल्यावर चप्पलही न काढता ओट्यावर बसली.

"प्रियदर्शिनीनं काम सोडलं," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? सगुणाबाईंचं सगळं कोण करणार? आणि आत्याबाई रोज येऊन तेच ऐकवतायत. आज माझ्यासमोर रडली. म्हणाली, त्या दिवशी मीच म्हणाले होते, आई, जमलं तर शेळीला हिरवं आणा. माझ्यामुळंच पडल्या."

मी म्हणालो, तिच्यामुळं कसं, पाय घसरला तर. सृष्टी माझ्याकडं बघत राहिली.

"निरंजन, त्या शनिवारी तू ओढ्याकडून गेलास. मग पिरंगुटाकडून का आलास?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग," आणि उठून चप्पल काढली.

३ नोव्हेंबर, रविवार

गेलो होतो. ओढा ओलांडून विहाराजवळ त्यांचं घर आहे. अभय दारातच भेटला. "काय दादा?" म्हणाला. मी म्हणालो, उद्या जमलं तर गाडीची चेन बघ, जरा सैल वाटतेय. "बघतो," म्हणाला.

चेन नवीन आहे. गेल्या रविवारीच घातली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगून आलो. जसं झालं तसं लिहितो.

ऑफिसातून लवकर निघालो. कपडे न बदलता चालत गेलो. सगुणाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. रंभाबाई खाली भाजी निवडत होती, प्रियदर्शिनी गोळ्या काढत होती, अभय नुकताच येऊन हातपाय धुत होता. सगळे आहेत हे बघून परत फिरावंसं वाटलं. मग वाटलं, सगळे आहेत तेच बरं.

मी उभ्यानंच म्हणालो, "मावशी पाय घसरून पडल्या नाहीत. माझ्या गाडीच्या आवाजानं पडल्या. मला आरशात दिसलं होतं. मी थांबलो नाही. यात वहिनींची काही चूक नाही."

रंभाबाईचा हात भाजीवर थांबला. मग अभय पंच्यानं तोंड पुसत म्हणाला, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. आई काय बेशुद्ध नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं पंचा खुंटीला अडकवला. "बोलून काय करू? सकाळी चावी तुमच्या आण्णांच्या हातनंच घ्यायची असती का न्हाई?"

मी काही म्हणायच्या आत प्रियदर्शिनीच्या हातातल्या गोळ्या खाली पडल्या. ती माझ्याकडं बघतच नव्हती. नवऱ्याकडं बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आईंनाही. आणि मी रोज स्वतःला खात होते ते दोघं बघत बसलात."

"प्रिया, ऐक."

"मी काम सोडलं, अभय."

खाटेवरून सगुणाबाई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस व्हय? तू गेली असतीस त्यांच्या दारात भांडायला. मग ह्याचं काम गेलं असतं. म्या म्हनलं, हाड काय, जुळंल."

"हाड जुळेल," प्रियदर्शिनी म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

रंभाबाईनं खाली सांडलेल्या गोळ्या गोळा केल्या. मी वाकलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मी त्यांच्या घरात भांडण लावून आलो.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आण्णा गोठ्यात होते. त्यांनाही सांगितलं. ते धार काढतच राहिले.

"म्या इचारलं व्हतं का तुला?"

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?"

"आवाज सगळ्या वाडीनं ऐकला. तसली गाडी वाडीत एकच. ती बोलली न्हाई, आपन बोललो न्हाई. मिटलं व्हतं."

"आण्णा, तिची सून..."

"अभयला म्या कधी काढला असता का? इतकी वर्सं हाय तो आपल्याकडं."

"मग तसं त्याला सांगायचं ना."

ते बादली उचलून घरात गेले. मला वाटतं ते खरंच बोलत होते. त्यांनी अभयला काढलं नसतं. पण त्या घरातल्या कुणाला हे माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून द्यावं असं आमच्या घरातल्या कुणाला कधी वाटलं नाही.

हॉस्पिटलातून आल्यावर मी काय लिहिलं होतं ते आता वाचलं. मोठ्या मनाची बाई. ते पान फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

अभयनं टँकर सोडला. घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात माल उचलायच्या गाडीवर लागलाय. चावी द्यायला आला तेव्हा आण्णा म्हणाले, "कुनी जा म्हनलंय तुला?" अभय म्हणाला, "कुनी न्हाई. म्हनूनच चाललो." दोघांनी चहा घेतला. टँकर अंगणात उभा आहे.

सृष्टीकडून कळलं की प्रियदर्शिनीला प्रयोगशाळेत परत घेतलंय. रंभाबाई दिवसा सगुणाबाईपाशी थांबते. सुनेची माफी तिनं मागितली नाही, पण रोज सकाळी तिचा डबा तीच भरते म्हणे. सृष्टीही अधूनमधून जाऊन बसते. मला कुणी बोलावलेलं नाही, आणि मी जाऊ का असं सृष्टीलाही विचारलेलं नाही.

इंद्रजितचा फोन आला होता, सीटसाठी नवीन कव्हर आलंय म्हणाला. नको म्हटलं. गाडी विकायचा विचार आला. पण विकली की लोक म्हणतील, पोरानं चांगलं केलं. तेही मला नको आहे. ऑफिसला कारनं जातो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गाडी बरेच दिवस उभी होती, बॅटरी उतरू नये म्हणून संध्याकाळी बाहेर काढली. परत येताना ओढ्याच्या अलीकडं सगुणाबाई दिसली. घरापासून वॉकर धरून रस्त्यापर्यंत आली होती आणि दगडी कट्ट्यावर बसली होती. मी लांबूनच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणू लागलो. चढ आहे तिथं. दम लागला.

"बंद पडली का?" तिनं विचारलं.

"नाही. तुम्हाला बघून बंद केली."

"कशापायी? म्या बसलीया. बसलेलं मानूस कुटं पडतंय."

मी गाडी स्टँडला लावली. पाय कसा आहे विचारलं. बरा हाय, म्हणाली, रोज इथपर्यंत येते, सुनेची बस यायच्या वेळेला. मग तिनंच विचारलं, "लई काय काय बदललंस म्हनं गाडीला."

मी सांगायला लागलो. ब्रेक नवीन आहेत, टायर नवीन आहेत, सायलेन्सर कंपनीचा लावला. आता आवाज अजिबात येत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आवाजाचं सोड रं. आवाजानं मानूस दचकतं, पडतं. बैल बुजला तरी पडतं. पन तू वळून बघितलंस."

"आरशात..."

"आरशात न्हाई. गाडी हळू केलीस आन् मान वळवलीस. म्या चारीत उतानी पडले व्हते, तुझं तोंड मला दिसत व्हतं. म्हनलं, आला पोरगा. हातसुदीक वर केला म्या. मग तू गेलास."

मी कट्ट्यावर बसलो. मान वळवली होती. हात वर केलेला बघितला होता. सृष्टीला सांगताना मी आरसा म्हणालो. त्यांच्या घरात सगळ्यांसमोर आरसा म्हणालो. या वहीत, जी कुणी वाचत नाही, तिच्यातही आरसाच लिहिला. तिनं त्या दिवशी खाटेवरून हे ऐकलं होतं आणि चूक काढली नव्हती.

"तेव्हाच का नाही बोललात, मावशी?" मी विचारलं. "त्या दिवशी घरी?"

"तू सांगायला आला व्हतास. म्हनलं, सांगंल सगळं. वाट बघितली." मग म्हणाली, "प्रियाला हे न्हाई म्हाईत. तिला म्या आता काय लपवत न्हाई. इचारलं तर सांगनार."

"मी सांगतो," मी म्हणालो.

"बस यायची झाली."

आम्ही तिथंच बसून राहिलो. पलीकडच्या खाचरात भात कापून झालं होतं, दोन बायका पेंढा बांधत होत्या. सगुणाबाई त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होती, भात कसं उतरलं, पेंढा किती झाला. माझ्याशी बोलली नाही. बस आली. प्रियदर्शिनी उतरली. मला बघून तिची पावलं थांबली. मी उठून उभा राहिलो आणि तिला सांगितलं. गाडी हळू केली होती, मान वळवली होती, त्यांनी हात वर केला होता, तरी मी गेलो. आरसा म्हणालो ते खोटं होतं.

ती खांद्यावरची पिशवी धरून ऐकत होती. मध्ये एकदा तिनं सासूकडं बघितलं, सासूनं मान हलवली.

"ऐकलं," ती म्हणाली.

मला वाटलं आणखी काही म्हणेल. तिनं वॉकर सरळ केला, सासूला काखेत हात घालून उठवलं. दोन पावलं गेल्यावर थांबली.

"परवा आईंना फोटो काढायला न्यायचंय, हाडाचा. अभयला सुट्टी मिळत नाही. तुम्ही कार घेऊन या. सृष्टीताईंना बरोबर आणा."

"किती वाजता येऊ?"

"सकाळी. नाश्त्यासाठी थांबू नका, तिथं लवकर जाऊन नंबर लावावा लागतो."

त्या दोघी सावकाश घराकडं गेल्या. मी त्यांच्या मागं गेलो नाही. घरी येऊन सृष्टीला सगळं सांगितलं, या वेळी सगळं. तिनं परवाची रजा टाकली.